पहिल्या नळीतली बाई

यंत्रातून कागद बाहेर आला आणि दीपमालाचा चहा हातातच राहिला.

कागदावर एकच नाव दोनदा छापलेलं होतं. कोकिळा प्रेमराज पाटील, वय एकोणतीस, राहणार पारोळा तालुका, गरोदर. पहिली नळी बावीस एप्रिलची, दुसरी तेरा मेची. दोन्ही नळ्या आज शेजारी शेजारी, एकाच यंत्रात लावल्या होत्या. पहिल्या नळीत टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूची लागण ठळक दिसत होती. दुसरीत तिचा मागमूसही नव्हता.

दीपमालाने दोन्ही नळ्या पुन्हा लावल्या. पुन्हा तेच आलं.

जळगावच्या त्या खाजगी प्रयोगशाळेत तिची सव्वीस वर्षं गेली होती. वय बावन्न, लग्न केलं नाही, आई चार वर्षांपूर्वी गेली. अर्ध्या जिल्ह्याचं रक्त तिच्या हाताखालून गेलेलं, पण रविवारी तिचं दार वाजवणारं कुणी नव्हतं. त्यामुळे नळ्यांवरची नावंच तिला ओळखीची माणसं वाटायची. कुणाची साखर वाढली की तिला वाईट वाटे, आणि ते ज्याला सांगावं असं माणूस घरी नव्हतं.

कागद घेऊन ती रतिलाल डॉक्टरांच्या खोलीत गेली. प्रयोगशाळा त्यांची. माणूस वाईट नव्हता, पण भानगड दिसली की तिला चार हात लांब ठेवायचा.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. या तपासण्यांचं गणित दोघांनाही पाठ होतं. लागण झाली की तिच्याशी लढायला रक्तात आधी आयजीएम नावाचं प्रतिपिंड येतं, मग आयजीजी. आयजीएम कधी काही महिन्यांनी जातं, कधी वर्षभर रेंगाळतं, त्यामुळे नुसत्या त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. आयजीजी मात्र आलं की जन्मभर राहतं. ते नवं असेल तर जंतूवरची त्याची पकड ढिली असते, जुनं झालं की घट्ट होते. पहिल्या नळीत आयजीएम होतं, आयजीजी होतं आणि पकड ढिली होती. लागण ताजी असावी असा दाट संशय. पण ढिली पकडही कधी कधी फसवते, म्हणून तीन आठवड्यांनी दुसरं रक्त मागवायचं आणि दोन्ही नळ्या एकाच दिवशी तपासायच्या, अशी रीत. आयजीजी वाढलेलं दिसलं तर लागण गरोदरपणातलीच. मग पोटातल्या बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला धोका.

वाढलं तर वाढलं, नाही तर तेवढंच राहिलं, एवढंच होऊ शकत होतं. तीन आठवड्यांत आयजीजी पुसलं जाणं शक्य नव्हतं.

‘म्हणजे नळ्या दोन बायकांच्या आहेत,’ डॉक्टर म्हणाले. ‘पारोळ्याच्या आपल्या रक्त घ्यायच्या केंद्रावर संघपालने चिठ्ठ्या बदलल्या. दुसरी नळी तर कोकिळाचीच ना?’

‘हो. तिचा रक्तगट बी, दुसऱ्या नळीचाही बी.’

‘मग तिचं बाळ सुखरूप आहे. पहिला रिपोर्ट रद्द करू, माफीचं पत्र देऊ, संघपालला सोमवारपासून घरी बसवू. विषय संपला.’

‘सर, मग पहिल्या नळीत कोण आहे?’

डॉक्टरांनी मान वर केली. मग कागद तिच्याकडे परत सरकवला, आणि दीपमालाला त्याचा राग आला.

दुपारी प्रयोगशाळा ओस पडली तेव्हा तिने कोकिळाची कागदपत्रं काढली. एक स्त्रीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी होती: याआधी दोनदा गर्भपात, शेवटची पाळी चार फेब्रुवारी. दुसरा केंद्रावरचा बावीस एप्रिलचा फॉर्म, संघपालच्या गिचमिड अक्षरातला, बाईला विचारून भरलेला. त्यावर शेवटची पाळी एकोणीस फेब्रुवारी.

पंधरा दिवसांचा फरक होता. ज्या बाईने दोनदा गमावलं ती ही तारीख विसरेल? आणि भलत्याच बाईला विचारलं असतं तर ती अडखळली असती, काहीतरी गोलमाल सांगितलं असतं. इथे तर नेमकी तारीख होती. अशी तारीख तोंडावर कुणाच्या असते?

दीपमालाने फ्रीझरमधून पहिली नळी काढली. तिच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा पिवळसर द्रव उरला होता. त्यातला थेंब तिने गर्भ तपासायच्या पट्टीवर टाकला. ही तपासणी कुणी मागितलेली नव्हती. पाच मिनिटांनी पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

पहिल्या नळीतली बाई गरोदर होती. लागण तिला झालेली दिसत होती, गोळ्या लवकर सुरू केल्या तर बाळ वाचण्याची आशा होती, आणि या सगळ्याचा तिला पत्ताच नव्हता. एकोणीस फेब्रुवारी तिचीच तारीख असेल तर आज तिला तेरावा आठवडा लागत होता. रिपोर्ट रद्द झाला की ती बाई जगाच्या हिशेबातून पुसली जाणार होती.

तिने आणखी एक परीक्षा केली. रक्तातल्या पेशी नसल्या तरी नुसत्या द्रवावरून गट उलट्या बाजूने ओळखता येतो. ए गटाच्या पेशींवर थेंब टाकला, गुठळी झाली नाही. बी गटाच्या पेशींवर टाकला, तिथेही नाही. म्हणजे गट एबी, शंभरात सात-आठ जणांचा. बावीस एप्रिलला पारोळ्याहून अकरा नळ्या आल्या होत्या. त्यात सात पुरुष, दोन साठीच्या म्हाताऱ्या, एक कोकिळा आणि एक दुसरी गरोदर बाई, तिचा गट ओ.

चिठ्ठ्या बदललेल्याच नव्हत्या. नोंदवहीत नसलेली एक बाई कोकिळाच्या नावाने खुर्चीत बसून रक्त देऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी दीपमालाने रजा टाकली. अकरा वर्षांत आईच्या आजारपणाशिवाय तिने रजा घेतलेली नव्हती. कारकुनाने कारण विचारलं तेव्हा तिने पाहुण्यांकडे जायचं आहे असं सांगितलं, आणि सांगताना तिलाच हसू आलं. सोबत तिने रक्त घ्यायचं सामान आणि बर्फाचा डबा घेतला.

एरंडोल मागे टाकून एसटी पारोळ्याला पोचली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. संघपाल केंद्रात एकटाच बसला होता. चाळिशीचा शांत माणूस, दोन मुलींचा बाप. त्याच्या कानावर बातमी आलेली होती.

‘ताई, चिठ्ठी मी कधी आधी लावत नाही,’ तो म्हणाला. ‘रक्त घेतो, मग समोरच लावतो. बारा वर्षं झाली.’

‘चूक तुझी नाही, मला माहीत आहे. बावीस तारीख आठव. आखाजीनंतरचा तिसरा दिवस.’

संघपालने डोळे मिटले. आठवतं म्हणाला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यावरून पडलेली एक पोर त्याच दिवशी नुसती पट्टी बांधून घ्यायला आली होती. या दोघी तिच्यानंतर आल्या.

‘दोघी?’

‘एक आत आली. दुसरी बाहेर बाकावर बसून राहिली, फाइल तिच्या मांडीवर. आतली तोंडाला रुमाल बांधून होती. उन्हात सगळ्याच बांधतात, ताई, कुणाकुणाला सोडायला सांगू?’

‘नाव विचारलंस?’

‘मी पुकारलं, कोकिळा प्रेमराज पाटील. ती हो म्हणाली.’

‘वय?’

तो थबकला. वय विचारल्यावर आतलीने दारातून बाकाकडे पाहिलं होतं, आणि वय बाकावरचीने सांगितलं होतं.

‘आणि पाळीची तारीख?’

‘ती मात्र हिनेच सांगितली. लगेच.’

‘तेरा मेला तीच बाई आली होती?’

संघपालने कबूल केलं की तो चेहरे पाहत नाही, हात पाहतो. दिवसाला दहा-बारा हात. मग त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. हात तर वेगळा होता, तो हळूच म्हणाला. एप्रिलमध्ये शीर अशी वर आलेली की एका टोचणीत काम झालं. मेमध्ये शीर सापडता सापडेना, तीनदा टोचावं लागलं आणि बाई थरथरत होती. तेव्हा त्याला वाटलं, उन्हाने अंगातलं पाणी कमी झालं असेल. आता त्याचा चेहरा उतरला. दीपमालाने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि निघाली.

पाटलांचं घर गावाच्या शेवटाला होतं. ओट्यावर कोकिळाची सासू कमलबाई शेवया वाळत घालत होती. जळगावच्या प्रयोगशाळेतून आले म्हटल्यावर तिने आधी पाणी दिलं, मग हात जोडले. दीपमालाने पहिलं वाक्य हेच सांगितलं की कोकिळाचा रिपोर्ट स्वच्छ आहे. कमलबाईने पदर डोळ्यांना लावला. कोकिळा दारात उभी होती. गोरीपान, दंडाला आणि मनगटाला टोचल्याचे निळे डाग. ती रडली नाही, की तिला आश्चर्यही वाटलं नाही.

ज्या बाईच्या डोक्यावर तीन आठवडे तलवार टांगलेली होती, तिला सुटका झाल्याचं कळल्यावर एवढं शांत राहता येतं? दीपमालाने ते मनात टिपून ठेवलं.

‘दोन्ही वेळेस तुम्हीच रक्त दिलंत?’ तिने विचारलं.

‘हो, मॅडम. मीच दिलं.’

‘पहिल्या वेळेस फार त्रास झाला का?’

‘झाला ना. खूप टोचलं.’

‘पहिल्या रिपोर्टनंतर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील. दाखवता?’

कोकिळा जागची हलली नाही. कमलबाईच आत गेली आणि फळीवरचा डबा घेऊन आली. गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी होती. एकही गोळी काढलेली नव्हती. कमलबाईने सुनेकडे पाहिलं, आणि सासूच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. दीपमालाने डब्याचं झाकण लावलं. चोराच्या मनात चांदणं असतं, त्याला दिव्याची गरज नसते.

तिने विषय बदलला. आखाजीला घरात कोण कोण होतं, असं सहज विचारलं.

कमलबाईला बोलायला हुरूप आला. लेकी आल्या होत्या, दोघींचीही पोरं कॉलेजात जाणारी. आणि धाकटी सून हर्षाली, तिच्या धाकट्या मुलाची, निंबाची बायको. निंबा ट्रकवर असतो, ती धुळ्याला खोली घेऊन राहते.

‘आखाजीले बठ्ठ्या बाया माहेरले जातस,’ कमलबाई म्हणाली. ‘तिले माय नही, बाप नही. मंग ती महिनाभर आदीच आठे, सासरले उनी. पन पोरगीले भलती खोड लागेल शे. सकाय सकाय परसमां पानी शिपडे आनि मातीनं ढेकूळ तोंडमां टाके. मी बोलनी बी तिले.’

‘आधीपासूनची सवय आहे?’

‘नही वो. मांगला साले आसं नही करे. यंदाच.’

परसात कोंबड्या होत्या, शेजारच्या मांजरांचा राबता होता. टॉक्सोप्लाझ्मा मांजरांच्या विष्ठेतूनच मातीत उतरतो. दीपमालाने तिकडे एकदा पाहिलं. तिला आणखी काही विचारायची गरज उरली नव्हती.

प्रेमराज शेतावरून आला. तो कोकिळाचा नवरा, भिडस्त आणि अबोल. दीपमालाने त्याला सांगितलं की धुळ्याला धाकट्या जावेकडे जायचं आहे, कोकिळाला बरोबर घेऊन, आजच. का, ते तिथे गेल्यावर सांगेन. प्रेमराजने शेजाऱ्याची गाडी मागून आणली आणि पाऊण तासाचा रस्ता सव्वा तासात, खड्डे चुकवत कापला. कोकिळा वाटभर खिडकीबाहेर पाहत होती.

धुळ्याच्या देवपुरातल्या एका चाळीवजा इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हर्षालीची खोली होती. प्रेमराज खाली थांबला. दार उघडलं ते एका सडपातळ, सावळ्या मुलीने. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. खोलीत एक पलंग, एक गॅस, दोरीवर निंबाचे दोन शर्ट. ते धुऊन इतके दिवस झाले होते की वाळून कडक झाले होते, आणि तिने ते उतरवले नव्हते. दीपमालाला ती खोली आपली वाटली, आणि हे वाटणं तिला आवडलं नाही.

जावेला पाहताच हर्षालीचा हात आपसूक पोटावर गेला. लगेच तिने तो काढून घेतला.

‘बसा दोघी,’ दीपमाला म्हणाली. ‘मी पोलीस नाही. मी रक्त तपासणारी बाई आहे. मला काय कळलंय ते मी सांगते, चुकलं तर थांबवा.’

हर्षाली पलंगाच्या कडेला बसली, कोकिळा दाराजवळ.

‘बावीस एप्रिलला कोकिळाच्या नावाची नळी आमच्याकडे आली. तेरा मेला दुसरी. पहिलीत जी खूण होती ती माणसाच्या रक्तातून मरेपर्यंत जात नाही. दुसरीत ती नव्हती. म्हणजे नळ्या दोघींच्या. केंद्रावर चिठ्ठ्या बदलल्या असतील असं सगळ्यांना वाटलं. पण पहिल्या नळीचा गट त्या दिवशीच्या नोंदवहीतल्या एकाही बाईशी जुळत नव्हता. म्हणजे कोकिळा म्हणून दुसरीच कुणीतरी खुर्चीत बसली. तिच्या तोंडाला रुमाल होता आणि तिचं वय बाहेर बाकावर बसलेल्या बाईने सांगितलं. फाइल ज्या बाईच्या मांडीवर होती, तीच कोकिळा.’

कोकिळाने मान खाली घातली.

‘ही युक्ती सासूबाईंची असेल असा मला आधी संशय आला. पण गोळ्यांची पाकिटं पाहून त्या चकित झाल्या. तुम्ही नाही झालात. दोनदा पोट रिकामं झालेली बाई बाळासाठी विष सांगितलं तर विष घेईल. तुम्ही गोळीला हात लावला नाहीत, कारण तो आजार तुमचा नाही हे तुम्हाला रिपोर्ट हातात आला त्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणूनच मेमध्ये, भीती वाटत असतानाही, तुम्ही स्वतःचं रक्त द्यायला गेलात. नाव स्वच्छ करायला.’

कोकिळा बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. पहिल्या खेपेला रक्त काढलं आणि सहाव्या दिवशी गर्भ गेला. दुसऱ्या खेपेला काढलं आणि पाचव्या दिवशी. गावातल्या बायका म्हणत, रक्ताबरोबर जीव ओढला जातो. तिसऱ्यांदा तिचं धाडस होईना. रक्त तर रक्त, घरातलंच कुणाचं तरी दिलं, डॉक्टरांना कागद मिळाला की झालं, असं तिला वाटलं. तेवढ्यासाठी तिने जावेला विनवलं.

‘रक्त काढल्याने गर्भ जात नाही,’ दीपमाला म्हणाली. ‘ते आधीच बिघडत चाललेलं होतं, म्हणून तर डॉक्टर रक्त मागत होते. पण भीती मी समजू शकते. मला न समजणारी गोष्ट वेगळीच आहे.’ ती हर्षालीकडे वळली. ‘तुला पाळीची तारीख विचारली तेव्हा तू तुझी स्वतःची सांगितलीस. खोटी तुला सुचली नाही. यंदाच तुला माती खावीशी वाटायला लागली. आणि पहिल्या नळीतल्या बाईला दिवस गेलेले आहेत, हे मी तपासून पाहिलंय. हर्षाली, तुझ्याही ऐकिवात तेच होतं ना, की रक्त काढलं की बाळ जातं?’

हर्षालीने मान हलवली.

‘मग का दिलंस?’

हर्षालीने खिडकीकडे पाहिलं. खालच्या गल्लीत कुणीतरी भंगार मागत गेलं.

‘मी नहीच म्हनी राह्यंती,’ ती शेवटी म्हणाली, आणि दीपमालाशी नाही, जावेशी. ‘पन तुम्ही रडी राह्यंतात, अक्का. तुम्हीच म्हननात, तुनं काय जाई ऱ्हायनं त्यामा? मंग मी काय सांगू? तुमनं दोनदा गयं, आनि मनं व्हई ऱ्हायनं, आसं सांगू?’

कोकिळाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

‘रक्त दिधं आनि आठे खोलीवर उनू,’ हर्षाली तशीच सांगत राहिली. ‘आठ दिन नुसती पडी राह्यनू. आते जाई, आते जाई, आशी वाट देखत. निंबा कर्नाटकमां व्हता. कोनले सांगू?’

आठ दिवस. दीपमालाला तो पलंग पाहवेना. सव्वीस वर्षांत तिने एकटेपणाचे कितीतरी प्रकार पाहिले होते, स्वतःचा तर रोजचाच होता. पण या पोरीने आपलं बाळ जाणार असं मानून हात पुढे केला होता, आणि ते जायची वाट एकटीने पाहिली होती. आता सांगायची गोष्ट तर याहून वाईट होती.

तिने ती सांगितली. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. लागण ताजी असू शकते. आईला ती जाणवतही नाही, पण बाळापर्यंत पोचू शकते. पोचली असेलच असं नाही. आज दुसरं रक्त घ्यायचं, पहिल्या नळीतला उरलेला थेंब आणि हे, दोन्ही एकत्र लावायचं. गोळ्या डॉक्टर आजच सुरू करतील, कारण थांबण्यात धोका आहे. पुढे अठरा आठवड्यांनंतर गर्भजलाची तपासणी करावी लागेल.

‘म्हनजे परत रक्त,’ हर्षाली म्हणाली आणि तिने हात छातीशी ओढून घेतला. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचणार नाही, एवढंच तिच्या मनात होतं. दीपमालाने समजावून पाहिलं. शिकलेल्या माणसाचं बोलणं अशा वेळी उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होतं, हे तिलाही कळत होतं.

तेव्हा कोकिळा उठली. पलंगावर जावेच्या शेजारी बसली आणि आपला डागाळलेला हात तिच्या मांडीवर ठेवला.

‘हाई देख. तेरा तारीखले दिधं मी. मनं बाळ शे ना आजून?’ ती म्हणाली. ‘मी तुना मांगे लपनू, हर्षाली. रिपोर्ट तुना शे हाई बी माले माहीत व्हतं, तरी मी बोलनू नही. माले वाटनं तुले काय व्हनार शे. तू माले माफ करू नको. पन रक्त दे.’

हर्षालीने त्या डागांवरून बोट फिरवलं. मग तिने बाही वर केली.

दीपमालाने सुई काढली. एका टोचणीत काम झालं. नळीवर चिठ्ठी लावून ती तिने हर्षालीला वाचायला दिली, तिने वाचली आणि मान हलवली. नळी बर्फाच्या डब्यात गेली. दीपमालाने जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन लावून हर्षालीसाठी संध्याकाळची वेळ घेतली.

घरी चल, असं कोकिळाने जावेला म्हटलं. हर्षाली नाही म्हणाली. रागाने नाही, नुसतं नाही. खालून प्रेमराजने गाडीचा हॉर्न दिला. कोकिळा उठली नाही. दुसऱ्यांदा हॉर्न वाजला तेव्हा तिने दोरीवरचे शर्ट काढले आणि त्यांच्या घड्या घालायला बसली. दीपमाला एकटीच जिना उतरली, प्रेमराजला घरी जायला सांगितलं आणि डबा मांडीवर घेऊन जळगावच्या बसमध्ये बसली. बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. तिला आपल्या घरी जायचा कंटाळा आला.

सकाळी रतिलाल डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. संघपालच्या नावाचं पत्र त्यांनी फाडलं आणि सोमवारपासून ओळखपत्र पाहिल्याशिवाय सुई लावायची नाही, असा हुकूम काढला. मग ते स्वतः यंत्रापाशी येऊन उभे राहिले. दोन्ही नळ्या शेजारी शेजारी लागल्या. कागद बाहेर आला. आयजीजी पाच पट चढलं होतं. शंकेला जागा उरली नव्हती, लागण गरोदरपणातलीच होती. गोळ्या कालच सुरू झाल्या, हीच काय ती जमेची बाजू.

दीपमालाने धुळ्याला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तो कोकिळाने उचलला. पहाटे हर्षालीला उलट्या झाल्या, ती आता पेज पिते आहे, काय रिपोर्ट आला, असं तिने एका दमात विचारलं.

‘ज्याचं रक्त त्यालाच सांगणार,’ दीपमाला म्हणाली. ‘तिला फोन द्या.’

पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मग हर्षालीचा श्वास ऐकू आला.

‘सांगा, मॅडम,’ ती म्हणाली. ‘आयकस मी. अक्कानी मना हात धरेल शे.’